बिनडोळ्यांचं बिऱ्हाड

टिपणीस मास्तर कुठल्याही नव्या खोलीत शिरले की आधी डोळे मिटायचे आणि हात पाठीमागे बांधून भिंतीच्या कडेकडेनं झपझप एक फेरी मारायचे. काठी नाही, चाचपडणं नाही. भिंत आली की वीतभर अलीकडेच वळायचे. कधी वळायचे नाहीत, मग कपाळावर टेंगूळ यायचं. ते टेंगूळ चोळत ते आनंदानं म्हणायचे, "मी अजून मासा झालो नाही!"

माझ्या खोलीत त्यांनी ही फेरी मारली तेव्हा मी दारात उभा होतो. भाड्यानं जागा बघायला आलेला माणूस छत गळतं का बघतो, खिडकी लागते का बघतो. हा डोळे मिटून फिरत होता. मी मनात म्हटलं, किसन, गिऱ्हाईक येडं आहे, भाडं दीडपट सांग. सांगितलं. मास्तरांनी डोळे उघडले, वर पत्र्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दुपारी इथे नुसती थापलेली भाकरी ठेवली तर चुलीशिवाय भाजून निघेल. भाडं मी तुम्हाला द्यायचं की तुम्ही मला?"

त्याच क्षणी मी त्यांना वाटेला लावायला हवं होतं. लावलं नाही. माझं जे नुकसान झालं त्याची सुरुवात तिथून.

मी मूळचा घोडनदीकडचा. चाकणच्या गुरांच्या बाजारात लोकांच्या बैलांची दावी धरून उभं राहण्यापासून सुरुवात केली, पुढे दलाल झालो, आणि थोडं गाठीला लागल्यावर चिंचवड स्टेशनच्या पलीकडे बबनतात्यांकडून जमिनीचा एक तुकडा घेतला. जमीन खडकाळ. मधोमध एक जुनी खोल विहीर, मोट कधीच बंद पडलेली. विहिरीच्या बाजूला मी पत्र्याच्या दोन खोल्या काढल्या. एकीत मी आणि माझी बायको सगुणा, दुसरी भाड्यानं द्यायला. या भागात कारखाने येणार अशी हवा तेव्हा नुकती सुटली होती, आणि मला हवा आधी कळते. देवानं मला दिलेलं तेवढंच. बाकी सगळं मी भांडून मिळवलं.

मास्तर अलिबागचे. गावातल्या हायस्कुलात शास्त्र शिकवायला आलेले. वय चाळिशीचं, लग्न केलेलं नाही. मासे पाळण्याचं जेवढं वेड, तेवढंच खाण्याचं. सगुणानं एकदा विचारलं, "भाऊजी, जे पाळता तेच खाता, जिवाला काही वाटत नाही?" तर म्हणाले, "वहिनी, दोन्ही प्रेमच. फक्त एकाला कांदा लागतो."

राहायला आले त्या दिवशी त्यांची वळकटी टांगेवाल्यानं आणून टाकली, आणि मास्तर मांडीवर काळ्या कापडात गुंडाळलेली लोणच्याची मोठी बरणी घेऊन उतरले. सगुणानं विचारलं, "लोणचं कसलं आहे?" मास्तर म्हणाले, "जिवंत आहे." कापड काढलं. आत बोटाएवढाले मासे फिरत होते. रंग म्हणाल तर रंग नाहीच. नुकत्या जन्मलेल्या उंदराच्या पिल्लासारखे गुलाबी-पांढरे, अंगावर थोडी चांदीची चमक. आणि डोळ्यांच्या जागी साफ कातडी. खळगाही नाही, खूणही नाही. जणू डोळे बसवायचं राहूनच गेलं.

बबनतात्या तेव्हा माझ्याकडे बांधावरून भांडायला आले होते. ते भांडण विसरून बरणीवर वाकले.

"आवं मास्तर, ह्यास्नी डोळं कुठं हायेत?"

"नाहीत."

"कुणी काढलं?"

"कुणी नाही. घरचेच असे आहेत."

"मंग आपटत कसं न्हाईत एकमेकांवर?" तात्यांनी पाण्यात बोट घातलं. बोटाशी येता येता एक मासा अलगद वळला आणि निघून गेला. तात्यांनी बोट काढून घेतलं, ते धोतराला पुसलं आणि हळूच म्हणाले, "मासा न्हाई ह्यो. कुनाचा तरी आत्मा हाय."

मास्तर खूश झाले. त्यांना असा श्रोता आवडायचा. मग त्यांनी आम्हाला सांगितलं. मुंबईत त्यांचा एक पारशी मित्र होता, त्याला बोटीवरून देशोदेशीचे मासे मागवायचा नाद. हे मासे मेक्सिको म्हणून देश आहे तिथले. तिथे डोंगराच्या पोटात गुहा आहेत आणि नद्या जमिनीवरून वाहता वाहता त्या गुहांमध्ये शिरतात. नदीबरोबर या माशांचे पूर्वज आत गेले. ते चांगले डोळस होते. आत कधीच उजेड नाही, झाडपाला नाही, शेवाळ नाही. खायला काय, तर वटवाघळांची लेंडी आणि पुरात वाहून येईल तो कचरा.

"डोळा हा फार महाग भाडेकरू आहे, किसनशेठ," मास्तर मला म्हणाले. "खातो भरपूर आणि दुखावतो लवकर. उजेड असला तर भाडं देतो. काळोखात मात्र फुकट राहतो."

"मग हाकलला त्याला?"

"कुणी हाकलला नाही. एखादं पोर अधू डोळ्यांचं निपजलं. काळोखात त्याचं काही अडलं नाही. उलट डोळ्याचं अन्न वाचलं, ते दुसरीकडे लागलं. त्याची पोरं, त्यांची पोरं, अशा किती पिढ्या गेल्या देव जाणे."

हे मला पटलं. भाडं न देणाऱ्याला घरात ठेवू नये, हे मला शाळामास्तरानं शिकवायची गरज नव्हती.

त्यांची ती डोळे मिटून फिरायची खोडही मग उलगडली. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी बारीक छिद्रांची एक रेघ असते, तिनं त्याला पाण्याची हालचाल कळते. मासा पोहताना पाणी पुढे ढकलतो, पुढे भिंत असली की ते पाणी वेगळं लागतं, आणि त्यावरून मासा वळतो. नव्या जागेत सोडला की तो आधी जोरजोरात फेऱ्या मारतो, कारण जोरात पोहलं तरच नीट कळतं. जागा पाठ झाली की मग शांत. मास्तर तेच करू बघत होते, गालाला लागणाऱ्या हवेवरून. "माझी रेघ अजून उमटत नाही," असं म्हणून ते मिशीखाली हसायचे.

माणसांना टोचायलाही त्यांना हे मासे पुरायचे. उघड्या नदीतले यांचे भाऊबंद म्हणे थव्यानं पोहतात, एक वळला की सगळे वळतात. हे आंधळे मात्र एकेकटे फिरतात. शाळेच्या सभेत हेडमास्तरांनी हात वर केला आणि पाठोपाठ सगळ्यांनी केला, तेव्हा टिपणीस मास्तर एकटे हात खाली ठेवून म्हणाले, "ज्याला दिसत नाही तो कुणाच्या मागे जात नाही. माझी दृष्टी जरा अधू आहे." हेडमास्तरांना बोलणं कळलं नाही, पण अपमान कळला.

एका शनिवारी ते माझ्याबरोबर चाकणच्या बाजाराला आले. गुरांच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघं हातात हात घालतात, वरून उपरणं टाकतात, आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती शंभर माणसं असोत, कुणाला काही कळत नाही. आकडा जमला की हात झटकून सोडायचा. हात सुटला की सौदा झाला. त्याला ना साक्षीदार लागतो ना कागद. त्यानंतर फिरला त्याला बाजारात कुत्रं विचारत नाही.

मास्तर हे बघून लहान मुलासारखे हरखले. "अहो, इथे तर सगळेच माझे मासे आहेत! बिनडोळ्यांचा धंदा!"

मला चेव आला. मी म्हटलं, "मास्तर, बिनडोळ्यांचा धंदा बाकीच्यांचा. माझा नाही. हात उपरण्याखाली असतो, डोळे तर बाहेरच असतात ना? मी बोटाकडे लक्ष देतच नाही. समोरच्याच्या डोळ्यात बघतो. आकडा झोंबला की बुबुळ हलतं. पंचवीस वर्षं बुबुळावर भाकरी खातोय."

"वा," मास्तर म्हणाले. एवढंच. आपला हुकमी पत्ता आपणच उघडा करून दाखवावा असा मूर्खपणा मी आयुष्यात एकदाच केला, आणि तोही नेमका या माणसापुढे.

पुढे उन्हाळा आला. मास्तरांनी बरणीतले मासे काचेच्या पेटीत ठेवले होते, पण पत्रा दुपारी असा तापायचा की पेटीतलं पाणी अंघोळीला चालावं. गुहेतलं पाणी उन्हाळ्यात, थंडीत सारखंच असतं, असली उकड त्यांना ठाऊकच नाही. एक मासा पोट वर करून तरंगला त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. दोन दिवसांनी बघतो तर पेटी रिकामी. विचारलं तर म्हणाले, "माहेरी गेले. थंड हवेला."

मी विषय सोडला. मला त्या दिवसांत दुसरा घोर होता. एका कारखान्यासाठी जागा शोधणारे एक साहेब माझी जमीन बघून गेले होते. त्यांच्या अटी दोन. विहीर बुजवून जमीन सपाट हवी आणि जागेवर भाडेकरू नको. बोलणी पक्की करायला ते परत आले, विहिरीच्या काठाशी उभे राहिले, आत डोकावले आणि म्हणाले, "हिला किती मुरूम लागेल?"

तेवढ्यात मास्तर शाळेतून आले. सायकल उभी केली, खिशातून कणकेच्या गोळ्या काढल्या आणि आमच्या दोघांच्या मधून हात घालून विहिरीत टाकल्या. "नमस्कार," साहेबांना म्हणाले. "मुलांना खाऊ."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. खाली कपारीतून गुलाबी-पांढरं काहीतरी वर आलं, गोळी गिळून पुन्हा आत गेलं. विहिरीच्या तोंडावर मास्तरांनी बाभळीच्या फांद्या का टाकल्या होत्या तेही मला तेव्हा कळलं. मी समजत होतो गुरं पडू नयेत म्हणून. त्या होत्या खंड्यानं मासे उचलू नयेत म्हणून!

साहेब गेल्यावर मी जो भडकलो तो भडकलो. "माझ्या विहिरीत, मला न विचारता? मास्तर, तुम्ही भाडेकरू की मालक?"

"भाडेकरूच. ते पोटभाडेकरू."

"आठ दिवसांत काढा!"

"काढले तर ठेवू कुठे? पत्र्याखाली मरतील. पारशी मित्राचे गेल्या वर्षीच मेले, आता त्याच्याकडेही नाहीत. बोट केव्हा येईल आणि कुणी आणील, सांगता येत नाही." एवढं बोलताना मास्तर हसत नव्हते. मग एकदम म्हणाले, "तुम्हीच काढा ना. विहीर तुमची."

मला वाटलं, त्यात काय आहे? आंधळ्या माशाला जाळं दिसणार थोडंच. बबनतात्यांना पवनेत मासे धरायची सवय होती, त्यांना जाळ्यासकट उतरवलं. सकाळभर तात्या विहिरीत आणि मी काठावर. डोळस मासा जाळं बघून एकदा तरी गोंधळतो. हे पठ्ठे जाळं हाललं की त्याआधीच कपारीत. तात्यांच्या जाळ्यात एक बेडूक आला, एक जुना तांब्या आला आणि शेवटी तात्यांचाच पाय अडकला.

"शेठ, ह्येंना आधीच कळतंय!" तात्या खालून ओरडले. "म्या इचार केला की ह्ये पळत्यात!"

मास्तर पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होते. "तात्या, तुम्ही जाळं हलवता, जाळं पाणी हलवतं. एवढा गोंगाट केल्यावर मासा का थांबेल?"

"मंग धरायचं कसं?"

"ते मी फुकट सांगत नाही. किसनशेठकडून शिकलोय."

मी चिडून म्हटलं, विहिरीत कासव सोडतो, महिन्याभरात फडशा पाडील. सगुणा दारातून कडाडली, "सोडून तर बघा! जेवायला वाढणार नाही." माझ्याच घरात माझ्याविरुद्ध थवा जमला होता.

पेच असा होता की मला मास्तर खोलीतून हवे होते बाहेर, आणि भाडेकरू बाहेर काढणं हे त्या काळी दात काढण्याहून अवघड. मास्तरांना ते ठाऊक होतं. म्हणाले, "खोली उद्या सोडतो. गावठाणात एक खोली बघून ठेवलीय. मला फक्त विहिरीची मुदत द्या. तोवर मी माशांची सोय करतो, नंतर खुशाल बुजवा. किती महिने, ते तुमच्या बाजाराच्या रीतीनं ठरवू."

साहेब दोन महिने थांबतील हे मला माहीत होतं. मी म्हटलं, या मास्तरड्याला दीड महिन्यात गुंडाळतो. आमच्या ओट्यावर समोरासमोर बसलो. तात्यांनी आपलं उपरणं टाकलं. एक बोट म्हणजे एक महिना, हे तोंडानं बोलून घेतलं. मी मास्तरांचा हात धरला आणि सवयीनं त्यांच्या डोळ्यात बघायला मान वर केली.

मास्तरांनी डोळे मिटले होते!

नुसते मिटले नव्हते. चेहरा असा सुतासारखा सरळ केला होता की त्यावर काही म्हणता काही नाही. मी एक बोट दाबलं. हात हलला नाही. मी त्याच्या कपाळाकडे बघतो, मिशीकडे बघतो. पाटी कोरी. मी दोन बोटं दाबली. काही नाही. मला घाम फुटला, आणि तो घाम त्याच्या तळव्याला लागत होता. माझा अंगठा जरा थरथरला की त्याचा हात किंचित घट्ट व्हायचा, जणू म्हणायचा, हां, अजून आहे आत. मी आकडा मनात आणायचा आणि त्याला तो आधीच पोचायचा. पंचवीस वर्षांत मी हातानं सौदा केलाच नव्हता, डोळ्यांनी केला होता. माझा हात कच्चा आहे हे मलाच त्या दिवशी कळलं.

"शेठ, सावकाश," तात्या म्हणाले. "कान लाल झाल्यात तुमचं."

"तुम्ही गप बसा!" मी ओरडलो आणि त्या रागात पुन्हा दोनच दाबायची ती पाच बोटं दाबली गेली. मग सोडवायला गेलो तर पाचावर आणखी तीन दाबून बसलो. शेवटी आठावर मास्तरांनी हात झटकला आणि डोळे उघडले.

"आठ महिने," ते म्हणाले. "किसनशेठ, तुमचा हात फार प्रामाणिक आहे. खोटं बोलतं ते तुमचं तोंड."

सगुणा तोंडाला पदर लावून आत पळाली. मी सौदा मोडू शकलो असतो. मोडला नाही. हात सुटला होता.

साहेब आठ महिने कशाला थांबतील? त्यांनी शेजारची जमीन घेतली. शेजारची म्हणजे बबनतात्यांची. तात्यांनी माझ्या बांधाला लागून कारखान्याची भिंत उभी राहताना बघितली आणि पेढे घेऊन आले. "शेठ, मास्तरांमुळं झालं बगा सगळं." त्या दोघांचं आधी काही ठरलं होतं का, हा संशय मला आहे. सगुणा म्हणते तुमचं मन काळं. असेल. पण उपरणं तात्यांचं होतं, हे विसरू नका.

मास्तरांनी ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी खोली सोडली. संध्याकाळी मात्र सायकलवरून विहिरीवर यायचे. मी पहाऱ्याला उभा राहायचो, आठ महिन्यांवर एक दिवस जाऊ देणार नव्हतो. उभा राहून राहून पाय दुखले की बसायचो. बसलो की ते हातावर कणकेच्या गोळ्या ठेवायचे. "टाका. तुमची विहीर, तुमच्या हातचं खाऊ दे." मी टाकायचो. काही खाऊ नाही दिला तरी हे मासे खूप दिवस तगतात, आणि मिळालं की पोटभर खाऊन अंगात साठवून ठेवतात, हे तेव्हा कळलं. मास्तर म्हणायचे, "कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून आलेलं सोडायचं नाही. किसनशेठ, तुमच्या कुळीचे आहेत." आम्ही काळोख पडेपर्यंत भांडत बसायचो. कशावरूनही.

आठवा महिना संपत आला तेव्हा मास्तरांच्या थोरल्या भावाचं निधन झालं. अलिबागला म्हातारी आई एकटी, त्यांना कायमचं जाणं भाग पडलं. शेवटच्या दिवशी ते लोणच्याची बरणी घेऊन आले. जाळंबिळं काही नाही. एका मडक्यात कणीक लावून ते दोरीनं विहिरीत सोडलं आणि स्वस्थ बसले. न हलणाऱ्या वस्तूची माशांना भीती नाही, उलट नवी वस्तू दिसली, म्हणजे लागली, की ते चौकशीला येतात. मग अलगद वर ओढायचं. असे थोडे मासे त्यांनी बरणीत घेतले.

"बाकीचे?" मी विचारलं.

"त्यांना यायचं नाही, असं दिसतं."

"मग मी विहीर कधी बुजवू?"

"मुदत आज संपली. उद्या बुजवा."

मी वाट बघितली. पुढे काहीच नाही. "मास्तर, मागा की! आणखी दोन महिने मागा. मी नाही म्हणेन, तुम्ही एक म्हणा. असं कसं उठता?"

"मला काही मागायचं नाही. तुम्ही शब्द पाळलात, उपकार झाले." टांग्यात बसले, बरणी मांडीवर घेतली आणि गेले. घासाघीस न करता उठून जाणाऱ्या माणसाचा मला संताप येतो. तो आपल्याला किंमतच देत नाही असं वाटतं.

त्या तिरीमिरीत मी मुरूम सांगितला. ढीग महिनाभरानं विहिरीच्या काठाला येऊन पडला. सगुणा म्हणाली, "राहिलेले जीव आधी काढा, मग काय ते करा." मी मडक्यात कणीक लावून सोडलं. मास्तरांसारखाच न हलता बसलो, आयुष्यात पहिल्यांदा. वर ओढलं तर मोठा मासा एकही नाही. पाण्यात मात्र काहीतरी बारीक वळवळत होतं. जिऱ्याएवढी पिल्लं. मी मडकं उन्हात धरलं. प्रत्येक पिल्लाच्या डोक्याला दोन काळे ठिपके होते.

डोळे!

माझ्या विहिरीत, माझ्या उजेडात, माझ्या कणकेवर डोळे परत आले होते. जे मेक्सिकोला जमलं नाही, मास्तरांच्या काचेच्या पेटीला जमलं नाही, ते माझ्या विहिरीनं केलं होतं. मी मडकं अलगद परत सोडलं, मुरूमवाल्याला हाकललं, बाभळीच्या ताज्या फांद्या विहिरीवर टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी खोपोली-पेण करत एसटीनं अलिबाग गाठलं. एकच उद्देश होता. त्या माणसाचं तोंड बघायचं.

मास्तर ओसरीवर आरामखुर्चीत होते. खूप वाळले होते, दम लागत होता. मी बसायच्या आधीच बोललो, "मास्तर, हरलात! पिल्लं झाली, आणि डोळ्यांसकट!"

ते इतके हसले की आतून त्यांची आई पाणी घेऊन धावत आली. ठसका थांबल्यावर म्हणाले, "अहो शेठ, अंड्यातून निघताना सगळ्यांनाच असतात. बारीकसे. वाढताना मिटत जातात, वरून कातडी येते. उजेडात ठेवा नाहीतर काळोखात. महिन्या-दोन महिन्यांनी बघा, साफ."

आईंनी पानात तळलेली सुरमई वाढली, ती खाल्ली. निघताना मास्तरांनी विचारलं, "मग, बुजवली का विहीर?"

"पिल्लं जरा मोठी होऊ देत," मी म्हटलं.

"हो, हो. घाई कसली," ते म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले.

परतीच्या एसटीत, खोपोलीचा घाट चढताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. या माणसानं मला माशांचं काय सांगितलं नव्हतं? रेघ सांगितली, वटवाघळं सांगितली, भूक सांगितली, विहिरीवर बसून आठ महिने तोंड बंद ठेवलं नाही. पण पिल्लं डोळे घेऊन जन्मतात, एवढी एकच गोष्ट त्यांच्या तोंडून कधी निघाली नव्हती. मी रागारागानं मुरूम आणणार, सगुणा मला मडकं सोडायला लावणार, मी ते ठिपके बघणार आणि माझा हात थांबणार, हे त्यांनी टांग्यात बसायच्या आधीच जोखलं होतं. म्हणून काही मागितलं नाही. मागितलं असतं तर मी नक्की बुजवली असती.

पावसाळ्यात मास्तर गेल्याचं कळलं. निदान भांडायला तरी राहायचं होतं.

पुढे माझी जमीन दुसऱ्या कारखान्याला गेली. त्यांचा माणूस कागद घेऊन आला, नकाशावर मधोमध पेन्सिलीनं गोल केलेला बघून म्हणाला, "विहीर वगळून? शेठ, अशानं तुमचंच नुकसान आहे."

"ते झालेलंच आहे," मी म्हटलं. "आता त्यात घासाघीस नको."